डोंगल मागवण्याआधी घरातली खरखर शोधा : सोलापुरात एसडीआर लावताना

महिन्या-दोन महिन्यांतून एखादा फोन येतोच. "एसडीआर घ्यायचाय, कुठला घेऊ?" (एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ, लॅपटॉपच्या यूएसबीत लावायच्या छोट्या डोंगलवर चालणारा.) मी सांगतो. पंधरा दिवसांनी त्याच माणसाचा परत फोन, "घेतला हो, पण नुसती खरखर येतेय. डोंगल खराब आहे का?" आजवर एकदाच डोंगल खरोखर खराब निघालं. बाकी सगळ्यांच्या घरी दोष होता तो देवघरातल्या एलईडीचा, सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरचा किंवा अँटेना टीव्हीच्या मागे कोंबल्याचा.

म्हणून हा लेख जरा उलट्या बाजूनं लिहितोय. डोंगलची खरेदी दोन परिच्छेदांत उरकू आणि खरखर कशी शोधायची त्यावर वेळ घालवू. माझं घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. एका भिंतीला यंत्रमागाचा कारखाना, समोरच्या गच्चीवर सोलर. इथं रेडिओ ऐकू येतो तर कुठंही येईल.

हे यंत्र करतं काय

जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये स्टेशन निवडणं, नको ते गाळणं, आवाज वेगळा काढणं ही सगळी कामं कॉइल, कपॅसिटर आणि क्रिस्टल मिळून करायचे. एफएमचं सर्किट वेगळं, मीडियम वेव्हचं वेगळं. एसडीआरमध्ये हार्डवेअर फार थोडं असतं. ट्यूनर हवा तो पट्टा उचलतो, दुसरी चिप त्या लहरीचे सेकंदाला लाखो नमुने घेते आणि ते आकडे यूएसबीतून लॅपटॉपकडे ढकलते. पुढचं सगळं गणित, आणि ते सॉफ्टवेअर करतं. त्यामुळे एकच डोंगल सकाळी आकाशवाणी ऐकवतं, दुपारी विमानं दाखवतं आणि संध्याकाळी उपग्रहाचा फोटो उतरवून घेतं.

ही स्वस्त डोंगलं मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी निघाली. त्यातली रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप कच्चे नमुने जसेच्या तसे बाहेर देऊ शकते, हे अँटी पालोसारी या लिनक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्या माणसानं २०१२ मध्ये जाहीर केलं. ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातल्या मंडळींनी त्यासाठी ड्रायव्हर लिहिला आणि टीव्हीची डोंगलं रेडिओवाल्यांनी पळवली.

दोन आकडे डोक्यात ठेवा. नमुने आठ बिटांचे असतात, म्हणजे लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या सिग्नलमध्ये मिळून २५६ पायऱ्या. आणि न अडखळता घेता येणारा वेग सेकंदाला २४ लाख नमुने, म्हणजे एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा डोळ्यासमोर. पहिला आकडा पुढे गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते, ठरवताना कामाला येईल. दुसऱ्याचा परिणाम हार्ड डिस्कवर दिसतो. प्रत्येक नमुन्याचे दोन बाइट, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग चालू राहिलं तर मिनिटाला २८८ एमबी. मी एकदा बटण दाबून जेवायला गेलो. परत आलो तर डिस्क भरल्याची पाटी.

खरेदी

आरटीएल-एसडीआर ब्लॉग या ब्रँडचं व्ही३ किंवा व्ही४ घ्या. धातूची पेटी, एसएमए सॉकेट (अँटेना फिरवून लावायचं) आणि आत १ पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत एका भागाएवढाच चुकणारा, टीसीएक्सओ (तापमानानं फारसा न हलणारा क्रिस्टल), हे तिन्ही हवंच. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. साध्या क्रिस्टलचं डोंगल तेव्हा असं सरकतं, की सकाळी लावलेलं स्टेशन दुपारी बाजूला गेलेलं असतं. व्ही३ आणि व्ही४ मधला फरक एवढाच, की शॉर्टवेव्ह ऐकायची असेल तर व्ही४ सोयीचं. त्यात त्या पट्ट्यासाठी वेगळी सोय आतच आहे. व्ही३ मध्ये डायरेक्ट सॅम्पलिंगचा (ट्यूनर वगळून थेट नमुने घेण्याचा) क्यू ब्रांच निवडून काम भागवावं लागतं, आणि ते भागतंही.

डुप्लिकेट फार आहेत. माझं पहिलं डोंगल मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अर्ध्या किमतीत घेतलं. वर नाव व्ही३चं, आत साधा क्रिस्टल. शंभर मेगाहर्ट्झवर सात किलोहर्ट्झ बाजूला. किंमत फार कमी दिसली की हात आखडता घ्या. आणि डायपोल, म्हणजे दोन दांड्यांच्या, अँटेनाचं किट बरोबर मिळत असेल तर घ्याच. त्यात लांब आणि आखूड असे दोन जोड टेलिस्कोपिक दांडे येतात, पुढचं जवळजवळ सगळं त्यावर होतं.

ड्रायव्हर, आणि माझा माउस कसा मेला

विंडोजवर डोंगल लावलं की विंडोज त्याला टीव्ही समजून आपला ड्रायव्हर चिकटवतं. तो काढून विनयूएसबी बसवायचा. त्यासाठी झॅडिग नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो उघडा, ऑप्शन्समध्ये लिस्ट ऑल डिव्हायसेसवर टिक करा आणि यादीतून बल्क-इन, इंटरफेस झिरो निवडा. उजवीकडे विनयूएसबी दिसतंय ना ते बघा आणि मगच रिप्लेस ड्रायव्हर दाबा.

"मगच" हा शब्द उगीच लिहिलेला नाही. त्या यादीत तुमचा माउस, कीबोर्ड, वेबकॅम सगळे असतात. पहिल्या दिवशी मी घाईत यादीतलं पहिलं नाव निवडलं. ड्रायव्हर बदलला आणि माउस जागच्या जागी थिजला. तुमच्याकडून असं झालं तर घाबरू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते उपकरण ड्रायव्हरसकट अनइन्स्टॉल करायचं आणि काढून परत लावायचं. मला ते नुसत्या कीबोर्डवर करायला पाऊण तास लागला.

डोंगल नेहमी त्याच यूएसबी पोर्टला लावा. पोर्ट बदललं की काही वेळा झॅडिगचं काम पुन्हा करावं लागतं. जमेल तर यूएसबी २ चं पोर्ट वापरा, यूएसबी ३ ची पोर्टं स्वतःच खरखर ओकतात. लिनक्सवर हा सगळा खेळ नाही, फक्त टीव्हीचा डीव्हीबी ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करायचा असतो. अँड्रॉइड फोनवरही ओटीजी केबल लावून चालतं. पण शिकायला लॅपटॉपच बरा, पडदा मोठा लागतो.

सॉफ्टवेअर बरीच आहेत. नवख्याला मी एसडीआर प्लस प्लस सांगतो. फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं आणि पडद्यावर पसारा कमी. व्ही४ असेल तर ताजीच आवृत्ती उतरवा, जुन्या ड्रायव्हरला व्ही४ नीट कळत नाही.

पहिलं स्टेशन ओळखीचं हवं

सुरुवात आकाशवाणी सोलापूरपासून करा, १०३.४ मेगाहर्ट्झ. कारण साधं आहे. हे स्टेशन आहे, जवळ आहे, चालू आहे आणि कसं वाजतं ते आपल्याला माहीत आहे. ते लागलं नाही तर चूक आपल्याकडे, एवढं तरी नक्की होतं. पहिल्याच दिवशी उपग्रह शोधायला बसलात तर काहीच न लागल्यावर उपग्रह नाही, अँटेना चुकली की ड्रायव्हर बिघडला, काहीच कळत नाही.

किटमधले लांब दांडे घ्या आणि प्रत्येकी साधारण ६९ सेंटीमीटर ओढा. हा आकडा कसा काढला ते कळलं की पुढे कुणाला विचारावं लागणार नाही. ७१ ला मेगाहर्ट्झनं भागा, एका दांड्याची लांबी मीटरमध्ये मिळते. हिशेबानं पाव लहर म्हणजे ७५ भागिले मेगाहर्ट्झ, पण धातूच्या दांड्यात लहर थोडी आखूड पडते म्हणून ७१. शिवणाची टेप हाताशी ठेवा.

एसडीआर प्लस प्लसमध्ये सोर्स म्हणून आरटीएल-एसडीआर निवडा, सॅम्पल रेट २.४ मेगाहर्ट्झ, वरचं प्लेचं बटण दाबा, रेडिओ मोड डब्ल्यूएफएम (रुंद पट्ट्याचं एफएम), बँडविड्थ दोनशे किलोहर्ट्झच्या आसपास. वरच्या आकड्यांत १०३.४ भरा. वरच्या आलेखात जाड उंचवटा दिसेल आणि खाली त्याचाच रुंद पिवळा पट्टा सरकत जाईल.

त्या खालच्या भागाला वॉटरफॉल म्हणतात. सगळी विद्या तिथंच आहे, त्यामुळे पहिला अर्धा तास नुसता तोच बघा. डावीकडून उजवीकडे फ्रिक्वेन्सी आणि वरून खाली वेळ. आमच्या भागातल्या कुणालाही हे एका वाक्यात सांगता येतं : फ्रिक्वेन्सी म्हणजे ताणा, वेळ म्हणजे बाणा. चालू असलेलं स्टेशन उभ्या धाग्यासारखं दिसतं, तुटत नाही, वाकत नाही. एखादा स्विच पडला, स्पार्क उडाला की तो क्षणभर सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरतो, म्हणजे डावीकडून उजवीकडे एक आडवा धागा. शेजारचे अण्णा माग सुरू करतात तेव्हा स्टार्टरचा खटका मला ऐकू यायच्या आत पडद्यावर पांढरी आडवी रेघ उमटलेली असते. त्यांना एकदा बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मी कामाला कधी आलो ते तुला आता यंत्रातून कळणार होय?"

आता गेन. सॉफ्टवेअरचा ऑटोमॅटिक गेन बंद करा. गेन शून्यावर आणा आणि एकेक पायरी वाढवत जा. सुरुवातीला स्टेशनचा उंचवटा वाढतो, खालची जमीन, म्हणजे सततच्या खरखरीची पातळी, जागेवरच असते. एका टप्प्यानंतर जमीनही वर यायला लागते. तिथं थांबा, हवी तर एक पायरी मागे या. त्यापुढे गेन वाढवून काही मिळत नाही, आपण फक्त खरखर मोठी करतो.

२५६ पायऱ्यांचा मुद्दा इथं येतो. सोलापुरातलं एफएम ट्रान्समीटर जवळ आहे. गेन फार वाढवलात तर ते एकटंच सगळ्या पायऱ्या खाऊन टाकतं, आणि मग १०३.४ चं गाणं भलत्याच ठिकाणी ऐकू येतं. नवखा माणूस तेव्हा "नवीन स्टेशन सापडलं" म्हणून खूश होतो. खरं-खोटं ओळखायची एक सोपी युक्ती आहे. गेन थोडा कमी करा. खरं स्टेशन थोडंच खाली येतं. भूत असेल तर एकदम गायब होतं.

खरखर शोधायची पद्धत

एक तास काढा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून घ्या आणि चार्जर काढून ठेवा, कारण पहिला गुन्हेगार बहुतेक वेळा तोच असतो. अँटेना जिथं कायम ठेवणार तिथं ठेवा. व्ही४ असेल तर ७ मेगाहर्ट्झच्या आसपास या, नाहीतर ३० ते १५० मध्ये जिथं स्टेशन नाही अशी जागा निवडा. आता घरच्यांना सांगून मेन स्विच पाडा.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला वाटलं डोंगलच बंद पडलं. सात मेगाहर्ट्झवर वॉटरफॉल आधी धुरकट पिवळा होता, मध्ये ठरावीक अंतरावर जाड, अस्पष्ट, डुलणारे उभे पट्टे. स्विच पडला आणि सगळं काळंनिळं झालं. त्या काळ्या पट्टीत चार बारीक धागे होते, तोवर एकही दिसला नव्हता. एकावर माणसं बोलत होती. ती आधीपासूनच बोलत असणार.

तेव्हापासून दुरुस्तीसाठी लाईट जाणार असल्याची सूचना आली, की माझ्या घरात मी एकटाच खूश असतो. गल्लीची लाईट गेली म्हणजे शेजाऱ्यांचेही अडॅप्टर गप्प. तसं ऐकणं एरवी मिळत नाही.

मेन स्विच पाडल्यावर खरखर गेली, तर चोर घरात आहे. आता एमसीबी एकेक करून चालू करत जा आणि दर वेळी पडद्याकडे बघा. ज्या एमसीबीला पट्टे परत आले, त्या खोलीतली एकेक पिन काढा. माझ्याकडे तीन निघाले. देवघरातला स्वस्त एलईडी दिवा, राउटरचा अडॅप्टर आणि बाहेरच्या खोलीतला मोबाइल चार्जर, ज्याला मोबाइल लावलेलाही नव्हता. दिवा चांगल्या कंपनीचा आणला. चार्जर फेकला. राउटरच्या अडॅप्टरची वायर फेराइटच्या (खरखर अडवणाऱ्या काळ्या चुंबकी पदार्थाच्या) रिंगमधून सहा वेढे काढली, आणि तो बराच शांत झाला. नुसती एकदा ओवून अडकवलेली फेराइटची क्लिप फारसं काही करत नाही. वेढे महत्त्वाचे.

पट्ट्यांची रूपं ओळखू यायला लागली की निम्मं काम झालं. ठरावीक अंतरावर येणारे, कडा पुसट, हळूहळू डावी-उजवीकडे वाहणारे पट्टे म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लाय : चार्जर, अडॅप्टर, एलईडी. अगदी बारीक, सरळ, कधीच न हलणारा, बोलणं-गाणं काही नसलेला धागा म्हणजे बहुतेक वेळा लॅपटॉपचाच किंवा डोंगलच्या क्रिस्टलचा. अँटेना काढली तरी तो राहतो, यावरून पटतं. आडव्या रेघांची रांग म्हणजे स्पार्क : मिक्सर, ड्रिल, सैल झालेलं सॉकेट. आणि सकाळी सूर्य वर आला की सुरू होणारी, ढग आला की कमी होणारी खरखर असेल तर सोलर इन्व्हर्टरकडे बोट दाखवा.

मेन पाडूनही खरखर तशीच राहिली तर ती बाहेरची. अशा वेळी जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर फार कामाचा. तो दोन स्टेशनांच्या मध्ये लावा आणि हातात घेऊन गच्चीवर, जिन्यात, बोळात फिरा. खरखर जिथं वाढते तिकडे उगम. ट्रान्झिस्टर फिरवून बघा, आतला फेराइट दांडा उगमाकडे टोक करून राहिला की आवाज पडतो. त्यामुळे दिशाही कळते. मी असाच फिरत असताना वरच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "काय हरवलं रे?"

बाहेरच्या खरखरीवर उपाय एकच, अँटेना लांब नेणं. घरातून गच्चीवर, गच्चीवरही सोलरच्या विरुद्ध कोपऱ्यात. तिथं नेताना अँटेनाची कोअॅक्स केबल लांबवण्यापेक्षा डोंगलच अँटेनाजवळ ठेवा आणि यूएसबीची वायर लांब करा. साध्या यूएसबी केबलची मर्यादा पाच मीटर, त्यापुढे अॅक्टिव्ह एक्स्टेन्शन लागतं. डोंगल सावलीत ठेवा. पत्र्याखाली ठेवलेलं डोंगल दुपारी हाताला चटका देतं.

विमानं, आणि जुना तवा

एफएमनंतर विमानं घ्या. बोलणं नव्हे, नुसती जागा. आकाशातलं बहुतेक प्रत्येक प्रवासी विमान आपली ओळख, उंची, वेग आणि ठिकाण १०९० मेगाहर्ट्झवर सतत ओरडून सांगत असतं. ठिकाणाचा संदेश सेकंदाला साधारण दोनदा येतो, प्रत्येक संदेश ११२ बिटांचा, आणि तो संपायला १२० मायक्रोसेकंद लागतात. याला एडीएस-बी म्हणतात. डंप१०९० हा प्रोग्रॅम ते संदेश उलगडून ब्राउझरमध्ये नकाशावर विमानं काढतो.

सोलापूर यासाठी चांगलं गाव आहे. पठार सपाट आहे, आड येणारा डोंगर नाही. पस्तीस हजार फुटांवरच्या विमानासाठी रेडिओचं क्षितिज हिशेबानं चारशे किलोमीटरच्या पुढे जातं. म्हणजे गच्चीवरची अँटेना बरी असेल तर पुण्यापासून हैदराबादपर्यंतचं वरचं आकाश आपल्या नकाशावर. मुंबई-हैदराबाद आणि मुंबई-चेन्नईची रहदारी इथून चांगली दिसते. पहिल्या दिवशी शंभर-दीडशे किलोमीटर मिळाले तरी खूश व्हा. होटगी रोडच्या विमानतळावर २०२५ पासून प्रवासी विमानं पुन्हा यायला लागली. एखादं उतरत असेल तर त्याची उंची पायरी-पायरीनं कमी होताना बघायला माझा सहा वर्षांचा भाचा खुर्चीवर उभा राहतो. "मामा, टेकलं!" हे तो माझ्या आधी सांगतो.

अँटेनाला इथं फार काही लागत नाही. १०९० ला दांडा साडेसहा सेंटीमीटर. किटमधला आखूड दांडा उभा लावला की झालं. पण उभ्या दांड्याखाली धातूचा पसरट पृष्ठभाग असला तर तो दुप्पट जोमानं चालतो. चुंबकी बूड असलेली छोटी अँटेना असेल तर ती कशावर ठेवायची हा प्रश्न मी घरातल्या भाकरीच्या जुन्या लोखंडी तव्यावर सोडवला. तवा पालथा घालून मधोमध अँटेना, आणि तवा गच्चीच्या कठड्यावर. विमानांची संख्या त्याच संध्याकाळी वाढली. आईनं दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी कडक भाकरी करायच्या होत्या. आता मंगळवार बाजारातून आणलेला वेगळा तवा आहे, तो माझा. अॅल्युमिनियमचा घेऊ नका, चुंबक धरत नाही.

उपग्रह : जुन्या माहितीपासून सावध

जुने लेख आणि व्हिडिओ तुम्हाला नोआ-१५, १८, १९ या अमेरिकन हवामान उपग्रहांचे फोटो घ्यायला सांगतील. ते शोधत बसू नका. तिन्ही २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये बंद केले गेले. गेल्या वर्षी एक कॉलेजचा मुलगा आठवडाभर रोज पहाटे उठून १३७ मेगाहर्ट्झवर नोआची वाट बघत होता.

आता उरले रशियाचे मेटिओर-एम एन२-३ आणि एन२-४, सोडल्याची वर्षं अनुक्रमे २०२३ आणि २०२४. ते १३७.९ किंवा १३७.१ मेगाहर्ट्झवर डिजिटल फोटो पाठवतात आणि सॅटडंप हा प्रोग्रॅम ते उलगडतो. कोणता कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालू आहे ते बदलत असतं, त्या दिवशी तपासून घ्या. डायपोलचे लांब दांडे प्रत्येकी ५२-५३ सेंटीमीटर, दोघांत १२० अंशांचा कोन, म्हणजे आडवा ठेवलेला इंग्रजी व्ही. दांडे जमिनीला समांतर, व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, कारण हे उपग्रह ध्रुवावरून ध्रुवाकडे जातात. पीव्हीसी पाइप आणि सुतळी एवढ्यात हे उभं राहतं.

एक फेरी दहा-पंधरा मिनिटांची. उपग्रह येताना फ्रिक्वेन्सी जरा वर, जाताना जरा खाली सरकते, १३७ वर हा फरक तीन किलोहर्ट्झच्या आसपास. वॉटरफॉलवर सरळ धाग्याऐवजी वाकलेला पट्टा दिसतो. डोंगराएवढ्या अँटेनेची गरज नाही, पण डोक्यावरून जाणारी फेरी निवडा. क्षितिजावर वीस-तीस अंशांपर्यंतच येणारी फेरी नवख्यानं सोडून द्यावी.

अंतराळ स्थानक १४५.८ मेगाहर्ट्झवर अधूनमधून चित्रं आणि बोलणं पाठवतं. ते रोज नसतं, कार्यक्रम आधी जाहीर होतो.

सात मेगाहर्ट्झ

व्ही४ असेल किंवा व्ही३ वर डायरेक्ट सॅम्पलिंग चालू केलं असेल, तर दहाएक मीटर साधी इन्सुलेटेड वायर गच्चीवर ताणा आणि ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये या. मोड एलएसबी (लोअर साइडबँड). सकाळच्या वेळी देशातले हॅम, म्हणजे परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले, एकमेकांशी बोलताना सापडतात. आवाज बदकासारखा येतो तेव्हा फ्रिक्वेन्सी थोडी इकडेतिकडे करा, पन्नास-शंभर हर्ट्झमध्ये माणसाचा आवाज माणसासारखा होतो. हे हातानंच शिकावं लागतं, लिहून येत नाही. रात्री मीडियम वेव्हवर दूरची केंद्रं येतात, कारण सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषणारा खालचा थर विरून जातो. आणि १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र टिक-टिक करतं, त्याच्यावर आपल्या डोंगलचा पीपीएम जुळवून घेता येतो.

बोलायचंच असेल, नुसतं ऐकून भागत नसेल, तर डोंगल त्या कामाचं नाही, ते फक्त ऐकतं. त्यासाठी दूरसंचार विभागाची एएसओसी (अमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट) परीक्षा द्यावी लागते. मोर्स न शिकता मिळणारा रिस्ट्रिक्टेड दर्जा आहे.

आणि एक गोष्ट. यंत्र सगळं ऐकवतं म्हणून सगळं ऐकायचं नसतं. परवानगी नसताना दुसऱ्याचं दळणवळण टिपणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यात गुन्हा आहे. पोलिसांचं, विमानतळाच्या टॉवरचं किंवा कुणाचं खासगी बोलणं पट्ट्यात आलं तर मी पुढे सरकतो. नोंदवत नाही आणि ग्रुपवर तर मुळीच टाकत नाही. सगळ्यांसाठी प्रसारित होणारं, हॅमचं आणि उपग्रहांचं एवढं ऐकायलाही वर्ष पुरत नाही.

वळीव

मे महिन्यात दुपारी आभाळ भरून येतं आणि अर्ध्या तासात विजा सुरू होतात. वॉटरफॉलवर त्या आधीच दिसतात. आडव्या पांढऱ्या रेघा, आधी मिनिटाला एखादी, मग पाच-सहा. रेघा वाढायला लागल्या की सॉफ्टवेअर बंद करून भागत नाही. गच्चीवर नुसती वायर असो की दांडे, अँटेना डोंगलपासून एसएमएपाशी सोडवा आणि तिचं टोक घराबाहेर टाका, खिडकीच्या आत नको. डोंगल गच्चीवर असेल तर यूएसबीचं लॅपटॉपकडचं टोकही काढा. वीज दिसायला लागल्यावर मात्र हे करायला गच्चीवर जाऊ नका, वायरीला हात न लावता लॅपटॉपपासून लांब बसा. पाऊस थांबला की सॉकेट कोरड्या फडक्यानं पुसा, आत पाण्याचा थेंब नाही ना ते बघा, मगच परत फिरवून लावा. हातानं घट्ट एवढं पुरे. पकड लावू नका, आतली पिन मोडते.